फुटलेल्या पाट्या

पिर्के आबोथ म्हणून आमच्या यहुदी रब्बींच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या, वचनांचा एक छोटा ग्रंथ आहे. त्यात माणसाच्या वयाचा तक्ताच दिलाय. पाचव्या वर्षी तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, वाचायला बसवावं, दहाव्या वर्षी मिश्ना हा रब्बींचा कायदा, तेराव्या वर्षापासून धर्माच्या आज्ञा लागू, पंधराव्या वर्षी त्यावरच्या चर्चेचा ग्रंथ तालमूद, अठराव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी पोटामागे धावायचं. तिसाव्या वर्षी अंगात ताकद, चाळिसाव्या वर्षी समज, पन्नासाव्या वर्षी चार लोकांना सल्ला देण्याची लायकी. साठाव्या वर्षी म्हातारपण, सत्तराव्या वर्षी पांढरे केस, ऐंशीव्या वर्षी पुन्हा ताकद. (ही कुठली ताकद, ते तक्ता सांगत नाही.) नव्वदीला माणूस वाकतो आणि शंभरीला तो मेल्यातच जमा.

मी सत्तरी ओलांडली आहे. केस त्याच्या बरेच आधी पिकले, त्यामुळे त्या रकान्यात मला नवीन काही मिळालं नाही. आता ऐंशीच्या त्या ताकदीवर डोळे लावून बसले आहे, कारण हल्लीची ताकद ठाणे स्टेशनचा जिना चढेपर्यंतही पुरत नाही.

आमच्या इमारतीत बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांचं, घर माझं एकटीचंच. मागे वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या यजमानांचं सहस्रचंद्रदर्शन झालं. तुला झाली, नातवंडांनी ओवाळलं, जेवण उत्तम होतं, मी माझ्यापुरतं गोड आणि वरणभात खाल्लं. वहिनींनी विचारलं, "तुमच्यात असतं का हो असं काही?" मी सांगितलं, काही ठिकाणच्या यहुद्यांत त्र्याऐंशीव्या वर्षी दुसऱ्यांदा बार मिट्झवा करतात. नव्वदाव्या स्तोत्रात माणसाचं आयुष्य सत्तर वर्षांचं म्हटलंय, फार तर ऐंशी. मग सत्तरीला एक आयुष्य पुरं झालं असं धरायचं आणि पुढे नव्याने मोजायचं; तेरा वर्षं झाली की मुलगा जसा तोरा वाचायला उभा राहतो तसा हा म्हातारा उभा राहतो. वहिनी हसल्या. म्हणाल्या, "म्हणजे तुमच्यात रिटायर झालेल्याला परत पहिलीत घालतात."

शाळेत आयुष्य गेलेल्या बाईला हे वाक्य विसरणं शक्य नव्हतं. कारण खरंच तसं आहे. माझ्या आसपास म्हातारपणाविषयी जे बोललं जातं त्यात सोडण्यावर भर असतो. संसारातून मन काढा, हरिपाठ म्हणा, आता मुलांच्या मध्ये पडू नका. शेजारच्या घरातून संध्याकाळी हरिपाठ ऐकू येतो तो मला फार आवडतो, कितीतरी अभंग मला पाठ आहेत. पण माझ्या धर्मात सुटका अशी नाही. तेराव्या वर्षी जे अंगावर पडलं ते शेवटच्या श्वासापर्यंत अंगावर आहे. शरीराला झेपत नसेल तेव्हा सूट मिळते. योम किप्पुर या प्रायश्चित्ताच्या दिवशी, म्हणजे आमच्या जुन्या माणसांच्या भाषेत दारफाळणीच्या सणाला, डॉक्टरांनी उपास करू नका म्हटलं तर खाणं हाच धर्म. पण वय झालं म्हणून सूट, असं कुठे नाही.

तालमुदातली एक गोष्ट मला गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा आठवते. अब्राहामाच्या आधी जगात म्हातारपण नव्हतंच. वय वाढायचं, पण चेहऱ्यावर उमटायचं नाही. इसहाक मोठा झाला तसे बापलेक इतके सारखे दिसायला लागले की अब्राहामाशी बोलायला आलेला माणूस इसहाकाशी बोलून जायचा आणि इसहाकाकडे आलेला अब्राहामाशी. मग अब्राहामाने देवाकडे प्रार्थना केली, आणि म्हातारपण आलं. दुसऱ्या एका जुन्या ग्रंथात ही गोष्ट आणखी पुढे जाते. अब्राहामाने म्हातारपण मागितलं, तसं याकोबाने आजारपण मागितलं. कारण काय, तर माणूस उभ्या उभ्या मेला तर मुलांमधली भांडणं कोण मिटवणार? दोन-तीन दिवस अंथरुणाला खिळला, तर सगळ्यांना बोलावून निरवानिरव तरी करेल.

आपण मेंदी लावून, रंग लावून जे लपवतो ते आमच्या मूळपुरुषाने हात जोडून मागून घेतलंय, हे मला आधी गमतीचं वाटायचं. आता त्यातला व्यवहार दिसतो. घरात कोण कोणाचा बाप हे कळायला हवं. कोणाला विचारायचं, कोणी उठून जागा द्यायची, कोणाचं ऐकून घ्यायचं (मग पटो न पटो), हे सगळं त्या सुरकुत्यांवर चालतं. माझा एक चुलतभाऊ साठीतही काळेभोर केस राखून होता. त्याला लग्नाकार्यात कुणी आशीर्वाद मागायला यायचं नाही, याचं त्याला वाईट वाटायचं. बिचारा.

पेसाहच्या, म्हणजे मिसरमधून सुटकेच्या सणाच्या, रात्री हागादा ही त्या सुटकेची पोथी वाचतो त्यात एलाझार बेन अझर्या हा रब्बी म्हणतो, "पाहा, मी सत्तर वर्षांच्या माणसासारखा आहे." माझे वडील हे हिब्रूत वाचून लगेच मराठीत सांगायचे. हिब्रू-मराठी हागादा मुंबईत 1846 साली छापली गेली, पुण्यातली चित्रांची 1874 सालची. आमच्या घरात त्यांच्या नंतरची, पानं सुटलेली, शिवलेली एक प्रत होती. 'सत्तर वर्षांचा आहे' असं न म्हणता 'सत्तर वर्षांच्यासारखा' का, तर तो होता अठरा वर्षांचा. विद्यापीठाचं प्रमुखपद चालून आलं. बायको म्हणाली, तुमचा एक केस पांढरा नाही, तुमचं कोण ऐकणार? आणि त्या दिवशी त्याची दाढी पिकली. लहानपणी हे ऐकताना आम्हा भावंडांना हसू फुटायचं. पहिल्यांदा ते वाक्य मी स्वतः सत्तर पूर्ण करून वाचलं, तेव्हा टेबलाभोवती हसणारं कुणी नव्हतं. सगळे व्हिडिओवर, आणि तिकडे आवाज अडकत होता.

म्हातारपण मागून घेतलं म्हणजे ते गोड आहे, असं मात्र आमची शास्त्रं कुठेही म्हणत नाहीत. हे मला त्यांचं सगळ्यात आवडतं. उपदेशकाच्या पुस्तकाचा बारावा अध्याय उघडावा. म्हणे शलमोन राजाने तरुणपणी गीतरत्न लिहिलं, मध्यम वयात नीतिसूत्रं आणि म्हातारपणी उपदेशक. असं आमच्या जुन्या रब्बींचं मत. बाराव्या अध्यायात त्याने म्हातारं शरीर एका घराच्या रूपात उभं केलंय. घराचे राखणदार थरथरतात, ते हात. बळकट पुरुष वाकतात, ते पाय. दळणाऱ्या बायका थोड्या उरल्या म्हणून दळण थांबतं, ते दात. खिडकीतून बघणाऱ्यांना अंधारी येते. रस्त्याकडची दारं लागतात, म्हणजे कान. पाखराच्या आवाजाने झोपमोड होते. चढ दिसला की भीती वाटते. बदामाचं झाड फुलतं, टोळ जड होतो आणि भूक लागावी म्हणून खातात ती कळीसुद्धा काही करू शकत नाही.

टोळ जड होतो, ही ओळ वाचून मी पुस्तक मांडीवर ठेवलं होतं. टोळाचं वजन ते काय! पण सकाळी वर्तमानपत्राची पुरवणी उचलताना मनगट दुखतं, तेव्हा ज्याने हे लिहिलं त्याला नक्की ठाऊक होतं असं वाटतं. आणि 'चढाची भीती' वाचल्यावर मी ठाणे स्टेशनच्या जिन्याला माफ केलं. सांत्वन मिळतं ते असं. कुणीतरी दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी हेच दुखणं नीट बघून, न सजवता, पवित्र ग्रंथात घालून ठेवलंय. त्याच्यावर उपाय सांगितलेला नाही. एकाहत्तराव्या स्तोत्रातला माणूस तर सरळ घाबरलेला आहे: म्हातारपणी मला टाकून देऊ नकोस, माझी शक्ती सरली की मला सोडू नकोस. युरोपातल्या यहुद्यांत योम किप्पुरला हीच ओळ 'मला'च्या जागी 'आम्हाला' घालून सगळे मिळून मोठ्याने म्हणतात. त्यात विशी-पंचविशीतली पोरंही असतात. त्यांनाही म्हणावं लागतं.

निवृत्तीचं म्हणाल तर ती तोरात एकाच ठिकाणी सापडते, आणि तीही पन्नाशीला. वाळवंटात पवित्र मंडपाचं सामान वाहण्याचं काम लेव्यांकडे, म्हणजे लेवी वंशाच्या लोकांकडे, होतं. त्यांनी पन्नासाव्या वर्षी ते थांबवायचं. पण त्यांना घरी पाठवलेलं नाही. भावांबरोबर राहून पहारा करायचा. राशी नावाचे मोठे भाष्यकार त्यावर सांगतात की खांद्यावरचं ओझं बंद, बाकी दारं लावणं, गाड्या भरणं आणि गाणं म्हणणं चालू. निवृत्तिवेतनाचे नियम लिहिणाऱ्यांनी हे वाचायला हवं होतं. उचलायचं काम काढून घ्यावं, गायचं ठेवावं.

आणि मोजणीत धरावं. हे आमच्या लहान समाजात फार ठळक दिसतं. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. नऊ असतील तर कद्दिश ही देवस्तुतीची प्रार्थना म्हणता येत नाही, सेफर तोरा, म्हणजे तोराची गुंडाळी, काढून वाचता येत नाही. ठाण्यात टेंभी नाक्याजवळचं आमचं प्रार्थनामंदिर शार हाशमाईम 1879 सालचं. आज भारतातले बेने इस्राएल सगळ्यात जास्त ठाण्या-मुंबईतच आहेत, म्हणून इथे निभावतं. पण माझ्या माहेरी, अलिबागच्या इस्राएल आळीत, मागेन आबोथ या प्रार्थनामंदिरात दहावा माणूस मिळवणं हा एक उद्योग असतो. फोन होतात, कुणी पनवेलहून येतं, कुणी सुट्टी टाकतं. माणसं अशी बोट दाखवून मोजायची नसतात. अठ्ठाविसाव्या स्तोत्राच्या शेवटच्या ओळीत हिब्रूचे दहा शब्द आहेत, एकेका माणसावर एकेक शब्द टाकत जायचं. शेवटचा शब्द बऱ्याचदा कोपऱ्यातल्या आमच्या एका मामांवर पडायचा. त्यांना ऐकू येत नव्हतं, नजर गेलेली, प्रार्थना सुरू झाली की पंधरा मिनिटांत डोळा लागायचा. तरी त्यांच्याशिवाय काही सुरू व्हायचं नाही. शुल्हान आरुख या आमच्या कायद्याच्या ग्रंथात स्पष्ट लिहिलंय की दहातला एखादा झोपला तरी तो मोजणीत धरावा. एवढं समजूतदार कलम मी दुसऱ्या कुठल्या कायद्यात पाहिलेलं नाही.

बायकांना या मोजणीत धरत नाहीत, आमच्याकडे तरी नाही. मी वरच्या सज्जातून दहा मोजणाऱ्यांना मोजत मोठी झाले. हे मला सोळाव्या वर्षी सलायचं आणि अजूनही सलतं. वय झालं म्हणून मी त्यावर पांघरूण घालणार नाही. तरी त्या झोपलेल्या मामांना बघून जे कळलं ते कळलं. मामांनी त्या दिवशी काय केलं? काही नाही. आले आणि बसले. तेवढ्याने नऊ जणांना देवापुढे उभं राहता आलं. माझ्या वर्गातल्या मुलांना मी आयुष्यभर 'काय केलंस ते दाखव' म्हणत आले. देवाच्या दारी नुसतं असणंही धरतात, हे शिकायला मला माझी नोकरी संपावी लागली.

आता आईविषयी.

माझी आई शेवटची काही वर्षं विसरत गेली. आधी चष्मा, मग जेवली की नाही, मग आम्ही. मला ती तिच्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारायची आणि मावशीशी बोलावं तसं माझ्या लग्नाच्या काळजीबद्दल माझ्याशीच बोलायची. डॉक्टरांनी नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि यापुढे असंच हेही सांगितलं. तेव्हा घरात एक गोष्ट सुरू झाली. शब्बाथचा, म्हणजे आमच्या शनिवारच्या विसाव्याचा, दिवा शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत लावायचा असतो. आमच्याकडे काचेचा पेला टांगलेला, तळाशी पाणी, वर खोबरेल, त्यात वात. आई दिवे लावायची ती मंगळवारी. कधी मंगळवारी आणि गुरुवारी दोन्ही. पदर डोक्यावरून घ्यायची, ज्योतीभोवती हात फिरवून डोळ्यांवर ठेवायची आणि आशीर्वादाचे हिब्रू शब्द एकही न चुकता म्हणायची. नंतर आमच्याकडे वळून "शब्बाथ शालोम". तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी काही हरवलेलं नसायचं.

धर्माच्या दृष्टीने हे बरोबर नव्हतं. देवाचं नाव घेऊन आशीर्वाद विनाकारण म्हणायचा नसतो. थोरल्या भावाने पहिल्या वेळी तिला अडवलं, "आई, आज मंगळवार आहे." ती इतकी गोंधळली, इतकी लाजली, की पुन्हा कुणी तिला वार सांगितला नाही. मंगळवारी दिवा लागला की आम्हीही "शब्बाथ शालोम" म्हणायचो. भावजय तर सवयीने शब्बाथचं काळ्या मनुकांचं सरबत गाळायला घ्यायची.

सगळ्यात शेवटी तिच्याकडे शेमा उरला. "शेमा इस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एहाद." हे इस्राएला ऐक, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच. नाव विचारलं तर सांगता यायचं नाही, पण उजवा हात डोळ्यांवर ठेवून हे म्हणायची. रात्री, दुपारी, आंघोळ घालताना.

आणि हे बघताना मला आमचा सगळा समाजच आठवायचा. आमच्या परंपरेत सांगतात की आमचे पूर्वज ज्या गलबतातून आले ते नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलं. सात जोडपी वाचली. बाकीच्यांची प्रेतं किनाऱ्यावर लागली ती नवगावलाच पुरली. तिथे आज स्मारक आहे. ग्रंथ समुद्रात गेले. वाचलेल्यांनी तेलाचे घाणे धरले, शनिवारी बैल जुंपायचे नाहीत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायला लागले. शेकडो वर्षांत हिब्रू गेली, प्रार्थना गेल्या, सणांची नावं गेली. कोकणी माणसासारखे आम्ही बोलायला, नेसायला, जेवायला लागलो. उरलं काय? शनिवार. मुलाची सुंता. खवले आणि पर असलेलीच मासळी. आणि शेमा. दाविद राहबी म्हणून कुणी आला, त्याला शंका आली, त्याने बायकांपुढे नाना तऱ्हेची मासळी ठेवली. बायकांनी खवल्यांची तेवढी उचलली, बाकीची बाजूला सारली. त्यावरून त्याने ओळखलं की ही आपलीच माणसं. मग त्याने तिघांना शिकवून तयार केलं, आणि आम्ही विसरलेलं पुन्हा शिकलो. अठराशे ऐंशीच्या दशकात आमच्यात मराठीतून कीर्तनं रंगायची. योसेफाची, मोशेची आख्यानं, झांज-पेटीसकट. कीर्तनाची सुरुवात 1880 साली झाली.

म्हणजे आम्ही एक विसरलेला समाज आहोत. 'तुम्ही इतकं विसरलात तर यहुदी कसे' असा प्रश्न आम्हाला इस्राएलमध्येही विचारला गेला. तिथल्या धर्मपीठाने आमच्या लग्नांना वंशाची चौकशी लावली, तेव्हा आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये ठाण मांडलं आणि 1964 साली तिथल्या संसदेला जाहीर करावं लागलं की बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदीच आहेत. माझ्या आईने त्या वेळी, म्हणे, वर्तमानपत्र बाजूला टाकून एवढंच म्हटलं होतं, "मासळी ठेवा म्हणावं समोर."

आई गेल्यावर पुष्कळ दिवसांनी मी तालमुदातल्या बराखोथ भागातलं एक वाक्य वाचलं. येहोशुआ बेन लेवी हा रब्बी आपल्या मुलांना तीन गोष्टी सांगतो, त्यातली एक अशी: जो म्हातारा त्याचा काही दोष नसताना आपली विद्या विसरला त्याच्याशी जपून वागा, कारण पाट्या आणि फुटलेल्या पाट्या दोन्ही कोशात ठेवलेल्या होत्या.

कुठल्या पाट्या, ते सगळ्यांना माहीत आहे. मोशे सिनाय पर्वतावरून दहा आज्ञांच्या दगडी पाट्या घेऊन उतरला, खाली लोक सोन्याच्या वासराभोवती नाचताना दिसले, त्याने पाट्या आपटून फोडल्या. मग दुसऱ्या घडवल्या. त्या दुसऱ्या, अखंड पाट्या कराराच्या कोशात ठेवल्या हे मी शाळेच्या वयापासून ऐकत होते. पहिल्यांचे तुकडे कुठे गेले, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तर तेही त्याच पेटीत. सोन्याने मढवलेल्या त्याच पेटीत, अखंड पाट्यांच्या शेजारी, आणि वाळवंटात चाळीस वर्षं लेव्यांच्या खांद्यावरून. तुकड्यांचं वजन अखंड पाट्यांपेक्षा काही कमी नसणार. वाचण्यापुरता त्यांचा काही उपयोग नव्हता. तरी त्यांना कुणी वाटेत ठेवलं नाही.

मी ते पान परत परत वाचलं. मंगळवारचे दिवे डोळ्यांसमोर आले. आमच्या समाजातले निस्सीम इझिकेल, एवढे मोठे कवी, त्यांचाही शेवट स्मृतिभ्रंशातच झाला, 2004 साली. शब्दांवर ज्यांचं आयुष्य, त्यांच्याकडून शब्द गेले. अशा माणसाचं देवापुढे काय स्थान, याचं उत्तर सतराशे-अठराशे वर्षांपूर्वी कुणीतरी बाप आपल्या मुलांना देऊन गेलाय, आणि तो उपदेश त्या म्हाताऱ्यासाठी नाहीच. तो खांदा देणाऱ्यांसाठी आहे. म्हाताऱ्याने काय करावं हे त्यात एका अक्षराने सांगितलेलं नाही. पेटी उचलणाऱ्यांनी काय करावं तेवढं सांगितलंय.

माझा विसराळूपणा अजून चष्म्यापर्यंतच आलाय. पण आईच्या वाटेने मी जाणार असेन तर मला मरणाइतकी त्याची भीती वाटत नाही, पूर्वी वाटायची तशी. भीती वाटते ती मला उचलणारे कुठे असतील याची. कारण ते सगळे इस्राएलमध्ये, अश्दोदला आहेत.

मुलगा तिकडे गेला, स्थिरावला, सून तिकडचीच, मराठी मुळातली पण जन्म लोदचा. नात हिब्रूत विचार करते आणि माझ्याशी मराठीत बोलते; मला 'आजी'च म्हणते. तिथे गेले होते तेव्हा तिच्याबरोबर बसने फिरायचे. बसच्या पुढच्या बाकांपाशी एक ओळ लिहिलेली असते, 'मिपने सेवा ताकूम', पांढऱ्या केसांसमोर उठून उभा राहा. लेवीय पुस्तकातली आज्ञा आहे, एकोणिसाव्या अध्यायातली. आपल्याकडे बेस्टच्या बसमध्ये 'ज्येष्ठ नागरिकांसाठी राखीव' लिहितात, तिथे थेट तोराचा हवाला. खांद्याला बंदूक लटकवलेली एक पोरगी, वीस वर्षांचीही नसेल, माझ्याकडे बघून उठली. मी म्हटलं, बैस गं. नातीने मला दटावलं, "आजी, तू बस. नाहीतर तिला पाप लागेल." त्याच बसमध्ये दुसरा एक बाप्या फोनमध्ये डोकं घालून बसलेलाच होता, हेही सांगायला हवं. ओळ लिहावी लागते याचा अर्थ ती पाळली जातेच असा नाही.

मुलगा प्रत्येक फोनवर म्हणतो, "आई, आता तू ये ना इकडे कायमची." मी त्याला बर्जिल्लायची गोष्ट सांगितली. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. दावीद राजा पोटच्या पोराच्या बंडामुळे पळाला तेव्हा या गिलादी म्हाताऱ्याने त्याच्या माणसांना अंथरुणं, भांडी, गहू, जव, मसूर, मध, लोणी पुरवलं. बंड मोडल्यावर राजा म्हणाला, माझ्याबरोबर जेरुसलेमला चल, मी तुला सांभाळतो. बर्जिल्लाय म्हणाला, मी आज ऐंशी वर्षांचा. बरं-वाईट मला कळतं का? खाल्लंप्यायलेलं लागतं का? गाणाऱ्यांचा आवाज ऐकू येतो का? तुझ्यावर भार कशाला? यार्देनेपलीकडे थोडा सोबत येतो, मग मला माघारी जाऊ दे. माझ्या गावात, माझ्या आईबापाच्या कबरीजवळ मरू दे. हा किम्हाम आहे, याला घेऊन जा. राजाने त्याचा मुका घेतला आणि त्याला जाऊ दिलं.

साक्षात दाविदाने जेरुसलेमला बोलावलं आणि हा नको म्हणाला! आमच्या धर्मात जेरुसलेमचं काय स्थान आहे हे ज्याला माहीत आहे त्यालाच यातला धक्का कळेल. माझ्या पिढीतले पुष्कळ बेने इस्राएल बर्जिल्लाय आहेत. किम्हामांना, म्हणजे पोरांना, विमानात बसवून दिलं आणि स्वतः रोह्या-पेणला, ठाण्याला, अलिबागला राहिले. कुणी विचारलं तर गुडघे दुखतात म्हणून सांगतात.

मुलगा ऐकून घेतो तसं त्याने ऐकून घेतलं. दोन दिवसांनी त्याचा निरोप आला, त्यात तालमुदाचं एक पान. तिकडे राहून पोरगा हे शिकला, याचा आनंद मानावा की त्याने माझ्यावरच डाव टाकला याचा राग, मला कळेना. त्या पानावर राव नावाचे रब्बी म्हणतात, गिलादी बर्जिल्लाय खोटारडा होता. का? तर आमच्या रब्बींच्या घरातली मोलकरीण ब्याण्णव वर्षांची होती आणि अजून ती भांड्यातली चव घेऊन स्वयंपाक बघायची. खाली मुलाने लिहिलं होतं, "आई, तुझ्या मटणाच्या रश्शाला मीठ चुकलेलं मला आठवत नाही. तेव्हा हे कारण चालणार नाही."

त्या मोलकरणीचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही. एवढ्या मोठ्या पंडितांच्या वादात ती आली आणि एका चमच्यात राजाच्या मित्राला खोटं पाडून गेली. तक्त्यातली ऐंशीची ताकद म्हणजे हीच असावी, असं माझं मत झालंय. मी मुलाला कळवलं की चवीचं कारण मागे घेतलं, आईबापाच्या कबरीचं घेतलेलं नाही.

त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून तोच येतोय. आमच्या शेवात महिन्याच्या पंधराव्याला, एलियाहू हानाबीच्या उरुसाला, नातीला घेऊन. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर एलियाहू नबीच्या रथाची खूण आहे असं आम्ही मानतो. हा नबी मेलाच नाही, रथातून आकाशात गेला आणि जाता जाता आमच्या कोकणात टेकला. तिथे आम्ही मलिदा करतो. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची, सुका मेवा, वर फळं मांडायची आणि ज्या त्या फळाचा आशीर्वाद म्हणून खायचं. मलिद्याला बायकांची मोजणी कुणी करत नाही, पण बायका नसतील तर मलिदा होत नाही.

नात म्हणाली नारळ ती खवणार. तिकडे खवलेला नारळ पाकिटात मिळतो, विळीवर ती कधी बसलेली नाही, तेव्हा बोटं सांभाळायला मला समोर बसावं लागेल. साखर किती ते चाखून सांगेन. पोहे मात्र पेणचेच हवेत, त्यावर मी कुणाचं ऐकणार नाही.